उताराखालचें सपाट

भित्रेपणाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक सर्व धीट लोकांनीं लिहिलेलें आहे. त्यामुळें भित्र्या मनुष्यास भीति नेमकी कशाची वाटते, हा साधा प्रश्नही त्या लेखनांत क्वचितच विचारलेला आढळतो. धीट लेखक त्याला उपदेश करतो, उत्तेजन देतो, प्रसंगीं त्याची थट्टाही करतो. आणि एवढें झालें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें समजून पुढें चालूं लागतो. आम्हींही आयुष्याचीं पस्तीस वर्षें ह्याच पंथांत काढलीं. त्या पंथांतून आम्ही बाहेर कसे पडलों, ही हकीगत सांगण्यासारखी आहे, कारण ती एका अगदीं व्यावहारिक प्रश्नापासून सुरू झाली. तो प्रश्न असा, कीं ज्यानें जन्मांत कधीं डोंगरावरचें बर्फ पाहिलेलें नाहीं, ज्याचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें आहे, आणि जो दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खालीं पाहतांना डोळे मिटतो, अशा गृहस्थानें स्की शिकण्यासाठीं कोणतें ठिकाण निवडावें?

बदलापुरांत राहणाऱ्या मनुष्याला हा प्रश्न पडावा हेंच मुळीं नवल. आमच्याकडे पाऊस हवा तेवढा पडतो. बर्फ मात्र उसाच्या रसाच्या दुकानांत आणि मासळीबाजारांतच काय तें दिसतें. परंतु १९२७ सालीं गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनीं ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला, तेव्हां जो खेळ साहेब लोकांचा म्हणून आमचे आजोबा दुरूनच वाचीत असतील, तो आतां सहलींच्या जाहिरातींतून आमच्या दारापर्यंत आला आहे. आमच्या दारांत तो आला तो मात्र आमच्या धाकट्या भावाच्या तोंडून.

हा आमचा भाऊ अंबरनाथला राहतो आणि हिशेबाच्या खात्यांत काम करतो. जमा आणि खर्च दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तो घोटभर पाणीही पीत नाहीं. लहानपणीं आई आम्हां दोघांना अंबरनाथच्या शिवालयांत घेऊन जाई. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलें हें शिलाहारांचें देऊळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याचा गाभारा जमिनीच्या पोटांत आहे. सभामंडपांतून अरुंद पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. आम्ही धडाधड उतरत असूं. भाऊ वरच्या पायरीवर उभा राहून आईला विचारी, “वर परत येतां येतं ना?” आई हो म्हणे. मग तो भिंतीला हात लावून, पायऱ्या मोजीत उतरे. आणि एकदां खालीं पोंचला, कीं आमच्यापेक्षां अधिक वेळ तेथें बसून राही. ह्या प्रश्नाला आम्ही त्या वयांत हंसत असूं. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें, हें कळावयास पुढें फार दिवस लागले.

१९८८ च्या जुलैंत आम्ही कॉलेजांत होतों आणि भाऊ सतरा वर्षांचा होता. बदलापूर सोडून गाडी कर्जतकडे निघाली, कीं उजव्या हाताच्या खिडकींतून चंदेरीचा सुळका दिसूं लागतो. पावसाळ्यांत त्याच्या अंगावरून पांढऱ्या धारा कोसळत असतात, आणि मध्येंच ढग त्याला गिळतात व पुन्हां सोडतात. त्या रूपावर आम्ही लुब्ध होतों. भावाला डोंगरांची ओळख करून द्यावयाची, तर ती चंदेरीपासूनच, असें आम्हीं ठरविलें. जवळच माथेरान होतें, मलंगगडाच्या पायऱ्या होत्या. पण तीं आम्हांस बायकामुलांचीं ठिकाणें वाटलीं. वांगणीला उतरून, चिंचवलीच्या वाटेनें, ओढ्यांतून आम्ही पांच जण चढूं लागलों. सुळक्याखालच्या गुहेच्या अलीकडे शेवाळलेल्या कातळावरून आडवें जावें लागलें, तेथें भाऊ थांबला. त्याचा एक पाय पुढें होता व एक मागें. त्यानें एवढेंच विचारलें, “दादा, खालीं कसं यायचं?” आमच्या मित्रांपैकीं कोणी तरी म्हणालें, “आधीं वर तर चल!” सगळे हंसले. आम्हीही हंसलों. आणि त्याला तेथेंच थांबावयास सांगून आम्ही गुहेकडे गेलों.

आम्ही दोन तासांनीं परतलों, तेव्हां तो त्याच जागीं, एका झुडपाचें मूळ धरून बसलेला होता. पावसानें तो निथळत होता आणि त्याच्या तळहातांतून रक्त आलें होतें. त्यानें तक्रार केली नाहीं, आणि घरीं आईलाही सांगितलें नाहीं. मात्र त्या दिवसानंतर डोंगराचें नांव निघालें, कीं त्याला कामें असत. पस्तीस वर्षें त्याला कामें होतीं.

असा हा भाऊ २०२२ च्या नोव्हेंबरांत एके संध्याकाळीं आमच्या गच्चीवर चहा घेतां घेतां म्हणाला, “दादा, मला एकदां बर्फावर घसरून बघायचं आहे. फार नाहीं, दहा-वीस पावलं. जागा तूं शोध.” जागा आम्हींच कां शोधावी, असें विचारतां पेला खालीं ठेवून तो शांतपणें म्हणाला, “मागची तूंच शोधली होतीस म्हणून.” त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. तो असता तर आम्हांला बरें वाटलें असतें.

आम्हीं शोधास आरंभ केला तो मास्तरी पद्धतीनें. कागदावर रकाने आंखले: ठिकाणाचें नांव, उंची, अंतर, खर्च. चार दिवसांनीं तो कागद आम्हीं मोठ्या अभिमानानें भावाला दाखविला. त्यानें तो खालून वर वाचला आणि विचारलें, “ह्यांत थांबायचं कुठं, तें लिहिलेलं नाहीं.” प्रथम आम्हांला वाटलें, तो हॉटेलाविषयीं विचारतो आहे. पण त्याचा प्रश्न वेगळा होता. आणि विचार करतां करतां आमच्या ध्यानांत आलें, कीं सगळ्या विषयाचें मर्म त्या एका प्रश्नांत आहे.

पायीं डोंगर उतरणारा मनुष्य प्रत्येक पावलागणिक थांबत असतो. त्याला थांबणें शिकावें लागत नाहीं. स्कीवर उभ्या राहिलेल्या मनुष्याची गोष्ट याच्या उलट असते. पट्टीखालचें बर्फ त्याला फारच थोडा अडथळा करतें. उतार आहे तोंवर वेग वाढत जातो, आणि थांबणें ही त्याला स्वतंत्रपणें शिकण्याची विद्या होऊन बसते. पट्ट्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणून मागचीं टोकें दूर फांकवावयाचीं, म्हणजे आंतल्या कडा बर्फांत रुततात व वेग मरतो, अशी ती विद्या आहे. ती येईपर्यंत दोन-तीन दिवस तरी जातात. तोंवर थांबविण्याचें काम जमिनीनेंच केलें पाहिजे. म्हणून नवख्यानें उतार किती सुंदर आहे हें पाहूं नये. तो उतार खालीं कोठें जाऊन मिळतो तें पाहावें. जेथें उतार हलके हलके सपाट होत जातो, आणि त्या सपाटीवर झाड, कुंपण, रस्ता किंवा माणसांची गर्दी नसते, तेथें भित्र्यांतल्या भित्र्या मनुष्यालाही कोणी तरी खालीं झेलावयास उभें असल्यासारखें वाटतें. युरोपांत उतारांना हिरवा, निळा, तांबडा व काळा असे रंग देण्याची चाल आहे. परंतु हे रंग त्या त्या डोंगरापुरतेच खरे असतात. एका ठिकाणचा निळा उतार दुसऱ्या ठिकाणीं तांबडा ठरूं शकतो. रंगापेक्षां पायथा अधिक खरें बोलतो.

दुसरी गोष्ट परतीची. वर नेणारें साधन पुष्कळ ठिकाणीं असतें; पण वर गेल्यावर धीर सुटला, तर त्याच साधनांत बसून खालीं येतां येतें कीं नाहीं, हें विचारून ठेवावें. ओढून नेणारा दोर मनुष्याला वर सोडतो आणि रिकामाच परत येतो. बंद पाळणा मात्र दोन्ही दिशांनीं नेतो. तिसरी गोष्ट शिक्षकाची. तो स्वतः किती पटाईत आहे, याला नवख्याच्या दृष्टीनें फारसें महत्त्व नाहीं. तो पहिल्या दिवशीं वर नेतो कीं सपाटीवरच ठेवतो, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

ह्या कसोट्या हातीं घेऊन आम्ही नकाशावर हिमालय हिंडलों. मनालीजवळचें सोलंग प्रथम पाहिलें. उतार सौम्य; परंतु भाड्याचे कोट घालून तासाभरासाठीं येणाऱ्या प्रवाशांची गर्दी नेमकी उताराच्या पायथ्याशींच जमते. ज्याला थांबतां येत नाहीं त्याच्यापुढें माणसें उभीं असणें, हें त्याला व माणसांना दोघांनाही वाईट. गढवालमधलें औली आमच्या मनांत फार भरलें होतें. जोशीमठाहून सुमारें चार किलोमीटरांचा दोरमार्ग, २०११ च्या दक्षिण आशियाई हिंवाळी खेळांसाठीं केलेली कृत्रिम बर्फाची सोय, आणि समोर नंदादेवी! परंतु २०२३ च्या जानेवारीच्या आरंभींच जोशीमठाची जमीन खचूं लागली, घरांना भेगा पडल्या, आणि दोरमार्ग बंद करण्यांत आला. लोकांचीं घरें उसवत असतां त्यांच्या अंगणांत घसरगुंडी खेळावयास जाण्याचें मन होईना.

दुबईस असलेल्या भाच्यानें कळविलें, कीं तेथें २००५ पासून एका बाजारपेठेच्या छताखालीं बर्फाचा उतार आहे. हवा बदलत नाहीं, दरड कोसळत नाहीं, आणि सर्वांत लांब उतार काय तो चारशें मीटरांचा. शास्त्राप्रमाणें पाहतां भित्र्या नवख्यास याहून सोयीची जागा नाहीं, हें आम्हांस प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. भावाला तसें सांगितलें. तो म्हणाला, “तें बरोबर आहे. पण मला आकाशांतून पडलेलं बर्फ बघायचं आहे.” भित्र्या मनुष्यालाही हौस असते, आणि ती सोयीपुढें मान तुकवीत नाहीं, हें आम्ही विसरलों होतों.

शेवटीं गुलमर्ग ठरलें. हें फुलांचें कुरण सुमारें पावणेनऊ हजार फुटांवर एखाद्या बशीसारखें पसरलेलें आहे. कडेचे लहान उतार मधल्या सपाटींत येऊन विरतात. केंद्र सरकारची स्की शिकविणारी संस्थाही तेथें आहे. अवघड आहे तें सारें वर, अफरवटाच्या अंगावर. तेथें जावयाचें तर पाळण्याचे दोन टप्पे चढून सुमारें तेरा हजार फूट गांठावे लागतात. म्हणजे धाडस आणि शिक्षण ह्यांची तेथें सरमिसळ होत नाहीं. चुकून कोणी अफरवटावर पोंचत नाहीं. तिकीट काढूनच जावें लागतें.

कपड्यांसाठीं आम्ही दोघे उल्हासनगरास गेलों. ज्या वसाहतींत फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याण कॅम्पच्या बराकींतून संसार मांडून बसले, आणि जिला १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें, तेथल्या बाजारांत मिळत नाहीं अशी वस्तु शोधून काढणें कठीण. दुकानदारानें मोठ्या प्रेमानें गांवची ख्याति असलेल्या जीन्सच्या विजारी पुढें केल्या. जीन्स म्हणजे सुती कापड. बर्फांत बसलें कीं पाणी पितें, आणि मग थंडींत ओल्या तरटासारखें अंगाला चिकटतें, असें आम्हीं वाचलेलें त्याला ऐकविलें. तो क्षणभर विचारांत पडला, आणि आंतून पाणी न शिरणाऱ्या विजारी व लोकरी आंतरकपडे घेऊन आला. पैसे घेतांना त्यानें भावाला विचारलें, “ह्या वयांत कशाला, काका?” भाऊ म्हणाला, “ह्या वयांतच. आधीं जमलं नाहीं.” आम्ही मोजे निरखूं लागलों.

तिकिटें निघालीं, आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच तारखेस अफरवटावर हिमलोट कोसळून दोन पोलिश स्कीपटू दगावल्याची बातमी आली. भावानें वर्तमानपत्र घडी करून ठेवलें. जाणें रहित करूं, असें आम्ही बोलून गेलों. “कुठं झालं तें बघ आधीं,” तो म्हणाला. आम्हीं पाहिलें. तो लोट वर, आंखीव उतारांच्या बाहेर, मोकळ्या डोंगरावर आला होता. साचलेलें ताजें बर्फ तीव्र उतारावर खालच्या थराला धरून राहिलें नाहीं, म्हणजे असे लोट सुटतात. मधल्या सपाट कुरणाचा त्याच्याशीं संबंध नव्हता. भावानें तें दोनदां वाचलें, तेथें हवेचा इशारा रोज मिळतो कीं नाहीं याची चौकशी केली, आणि पिशवी भरावयास घेतली. धीट मनुष्य अशा बातमीकडे दुर्लक्ष करतो आणि घाबरट तिच्यापासून पळतो, असें आम्ही मानीत होतों. ती नीट वाचणारा असा तिसराही मनुष्य असतो, हें तेव्हां दिसलें.

फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यांत टंगमर्गला चाकांना सांखळ्या बांधलेल्या गाडींतून आम्ही वर गेलों. पहिला दिवस विरळ हवेची संवय होण्यासाठीं नुसता बसून काढला. दुसऱ्या दिवशीं शिक्षक आला. तरुण काश्मिरी, बोलणें थोडें. त्यानें आम्हांला सपाटीवरच ठेवलें आणि म्हणाला, “पहले गिरना, फिर उठना, फिर रुकना. चलना बाद में.” भावाचा चेहरा एकदम उजळला; जन्मभर ज्या क्रमाची तो वाट पाहत होता, तो त्याला कोणी तरी सांगितला होता. पडतांना बूट पट्टीपासून आपोआप सुटतो, आणि तो किती जोरानें सुटावा हें मनुष्याचें वजन पाहून ठरवितात, हें कळल्यावर त्यानें आपलें वजन दोनदां सांगितलें. तिसऱ्या दिवशीं तो लहानशा उंचवट्यावरून निघाला, फांकलेल्या पट्ट्यांवर हळूहळू आला, आणि उतार संपण्यापूर्वींच आपला आपण थांबला. दहा-वीस पावलेंच असतील. त्यानें मागें वळून आपल्या दोन रेघा पाहिल्या, आणि पुष्कळ वेळ पाहिल्या.

एव्हांना थांबावयाचें आम्हांलाही थोडेंसें साधलें होतें; आणि आम्ही तर जन्माचे धीट. चवथ्या दिवशीं शिक्षक दुसऱ्यांकडे वळलेला पाहून आम्हीं दोर धरला व पलीकडच्या उताराच्या माथ्यावर गेलों. वर पोंचून पाहतों तों उताराचा मधला भाग फुगीर होता, आणि त्यापलीकडचा पायथा दिसतच नव्हता. दुपारचें बर्फ ओलें, जड झालें होतें. आमचे गुडघे कांपूं लागले. पट्ट्या आडव्या धरून आम्ही तेथें उभे राहिलों. पुढें जाववेना, मागें वळवेना. बाजूनें लहान मुलें सूं करून निघून जात होतीं. त्यांपैकीं दोघें हंसलींही.

खालीं भावानें आमच्याकडे पाहिलें. त्यानें पट्ट्या काढल्या, आणि त्या जड बुटांनीं कडेकडेनें, दर दहा पावलांवर दम खात, तो वर चढूं लागला. पाव तास लागला असेल. येऊन तो आमच्या शेजारीं बर्फांतच बसला. तो हंसला नाहीं, आणि चल असेंही म्हणाला नाहीं.

“घाई नाहीं, दादा,” तो म्हणाला. “बस थोडा वेळ. खालीं कसं यायचं, तें मी येतांना बघून ठेवलं आहे.”

आम्ही बसलों. बोलावयाचें पुष्कळ होतें, पस्तीस वर्षांचें. पण विरळ हवेंत आवाज फुटत नाहीं, असें निमित्त आम्हीं मनाशीं करून घेतलें. पुढें कांहीं वेळानें पट्ट्या खांद्यावर घेऊन, त्यानें पाडलेल्या पावलांच्या खळग्यांतून आम्ही दोघे उतरलों. उतरतांना आम्ही म्हणालों, “त्या दिवशीं आम्हीं थांबायला हवं होतं.” कोणत्या दिवशीं, हें त्यानें विचारलें नाहीं. तो म्हणाला, “पाऊस फार होता.” हिशेब लिहिणाऱ्या मनुष्यानें एवढी मोठी रक्कम पावसाच्या नांवावर मांडावी, हा त्याचा मोठेपणा. आम्हीं ती आमच्याच नांवावर ठेविली आहे.

आतां कोणी आम्हांस नवख्या भित्र्यासाठीं जागा विचारली, तर वरच्या तिन्ही कसोट्या आम्ही सांगतों. परंतु त्यांच्याही आधीं ज्याच्यासाठीं जागा शोधावयाची, त्याला विचारावें, असें सांगतों. काय पाहिजे आहे, हें त्याला आपल्यापेक्षां चांगलें ठाऊक असतें. त्याचा प्रश्न भित्रेपणाचा म्हणून आपण तो ऐकून घेत नाहीं, एवढेंच.

त्याच वर्षीं डिसेंबरांत भावाचा निरोप आला: रविवारीं सकाळीं तयार राहा, ह्या वेळीं जागा मी निवडली आहे. वांगणीच्या फलाटावर उतरेपर्यंत त्यानें ती सांगितली नाहीं. ओढा कोरडा होता, कातळ उन्हानें तापूं लागला होता, आणि शेवाळ वाळून त्याची करडी पुटें झालीं होतीं. ज्या ठिकाणीं आम्हीं त्याला सोडून गेलों होतों, तेथें येऊन तो थांबला. झुडुप नव्हतें. त्यानें कातळावर हात ठेवला, वर सुळक्याकडे एकदां व खालीं आलेल्या वाटेकडे एकदां पाहिलें, आणि म्हणाला, “बस. इथून परत.”

आम्ही परत फिरलों. ह्या खेपेस तो पुढें होता.